चांगल्या लोंब्या नकोत

मामांनी दिवस उगवायच्या आत शेतात जाऊन घनसाळ भाताच्या निवडक लोंब्यांची जुडी बांधून आणली होती. भरलेल्या, डाग नसलेल्या, सगळ्या एका जातकुळीच्या. सोप्यात ताई कापडी पिशव्या आणि चिठ्ठ्या मांडून बसली होती. तिच्यापुढे जुडी ठेवून मामा खांबाला टेकून उभे राहिले, शाबासकीची वाट बघत. ताईनं जुडी नाकाशी नेली, डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाली, "आबा, चांगल्या लोंब्या नकोत मला."

आजरा तालुक्यातलं हे माझं आजोळ. कोल्हापूरहून निपाणी, उत्तूर करत इथवर पोचलं की हवा बदलते, आणि कार्तिकाच्या अखेरीला तर वासच बदलतो. ताई ही माझी मामेबहीण. भात पैदास हा तिचा विषय, बियाणं गोळा करणं हे सध्याचं काम. मी नुसता गाडी चालवायला गेलो होतो. बापलेकीचं त्या दिवशी जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, पण चहा दोनदा गार झाला.

"चांगल्या नकोत? मग काय पोचट देऊ व्हय?"

"पोचटही चालेल. शेतातनं सरळ चालत जायचं, दर चार पावलांवर हात घालायचा, हाताला येईल ती लोंबी घ्यायची. पन्नासेक. निवडायचं नाही."

"बी म्हंजेच निवडायचं. तुझी आज्जी पदर खोचून एकेक लोंबी बघायची. उंच झालेली नको, लवकर निसवलेली नको, कुसळाची नको. तवा कुठं हे घनसाळ घनसाळ ऱ्हायलं. आन् तुला सरकार पगार देतंय ते न निवडायचा?"

मामांचा टोला खरा होता. शेतकऱ्याच्या बियाण्याची सगळी विद्या निवडण्यात आहे. ताईच्या बियाणे बँकेची विद्या नेमकी उलटी, निवडायचंच नाही. शेतात जे काही आहे त्याचा जसाच्या तसा अंश उचलायचा. निवडलेल्या जुडीत मामांची नजर जाते, शेत जात नाही.

"तुम्ही जे टाकता ना आबा, त्यातच कधीकधी माझं काम असतं."

"ते टाकलेलं हाय म्हणून तर पीक हाय."

मामा काही जुन्याला कवटाळून बसलेले नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं. असल्या लेखात शेतकरी हळवा आणि शास्त्रज्ञ कोरडा अशी वाटणी ठरलेली असते. इथं उलटं आहे. त्यांच्या दीड एकर भातातलं घनसाळ उरलंय ते वीस गुंठे. बाकी इंद्रायणी. आणि खालच्या पाण्याच्या तुकड्यात ऊस. काळा जिरगा, तो काळ्या टरफलाचा बारीक वासाचा भात, त्यांनी लावायचा सोडला त्याला बरीच वर्षं झाली.

"हिशोब आईक," ते मला म्हणाले, कारण लेकीला हिशोब सांगून उपयोग नाही असं त्यांचं मत. "वीस गुंठ्यात इंद्रायणी बारा पोती देती. घनसाळ सा, लई झालं तर सात. वर उंच वाढतंय. दाणा भरला की परतीच्या पावसात लोळतंय. लोळलं की कापायला दुप्पट गडी. आन् वास सुटला की गवं येत्यात. एका साली हत्ती आला. त्यो हत्ती हिच्या बँकेत जाणार हाय का?"

"म्हणूनच तर मी न्यायला आलेय. तुम्ही सोडाल त्या दिवशी हे संपायला नको."

"मी का सोडू नये, ते आधी सांग."

यावर ताईनं घेतलेली सुरुवात मला आवडली. ती पर्यावरणाकडून गेली नाही, मामांच्या ताटातून गेली.

"इंद्रायणी कुणाची लेक आहे, माहिताय? वडगाव मावळच्या केंद्रातनं 1987 साली आली. आई आंबेमोहोर 157, बाप आयआर 8. आणि त्या बापाचे आईबाप? एक इंडोनेशियाचा उंच भात, एक तैवानचा बुटका. 1966 साली फिलिपिन्समध्ये तो वाटपाला आला. तुमच्या बारा पोत्यांमधली ताकद त्या तैवानच्या बुटक्याची, आणि वास मावळातल्या कुठल्यातरी म्हातारीनं निवडलेला."

"मंग झालं की. काढला ना वास आंबेमोहोरातनं? ऊस पिळला, चिपाड ऱ्हायलं. चिपाड कशाला जपायचं?"

इतका सरळ प्रश्न मी कुठल्या परिसंवादात ऐकलेला नाही. तिथं सगळे 'जैवविविधतेचा वारसा' म्हणतात आणि जेवायला जातात.

ताई म्हणाली, "एकदाच पिळून संपत नाही ते. सत्तरीच्या दशकात आशियातल्या नव्या बुटक्या भातांवर एक विषाणू आला. तुडतुडे तो पसरवायचे, रोप गवतासारखं खुरटून बसायचं. शास्त्रज्ञांनी संग्रहातले सहा हजारांहून जास्त नमुने तपासले. एकातही दम नाही. सापडला तो उत्तर प्रदेशातून आणलेल्या एका रानटी भातात. आपल्याकडं तळ्याकाठी आपोआप उगवतं ते देवभात, ऋषिपंचमीला बायका खातात, त्याच्याच गोतातला. दाणा बारका, पिकला की गळून पडणारा. शेतकरी त्याला तण म्हणून उपटतो. त्याचं एक जनुक घेऊन 1976 साली आयआर 36 आली आणि लाखो एकर वाचले. तो नमुना गोळा करणाऱ्याला हे काही माहीत नव्हतं. त्यानं चांगलं बघून उचललं असतं तर ते कधीच उचललं नसतं."

मामा थोडा वेळ गप्प बसले. हरले म्हणून नव्हे. त्यांना गोष्ट आवडली होती आणि ते तिच्यातलं भोक शोधत होते.

"सा हजारात एक," ते शेवटी म्हणाले. "म्हंजे पाच हजार नऊशे नव्व्याण्णव गड्यांनी फुकट राबायचं आन् एकाचं नाव व्हायचं. त्यात माझं घनसाळ कुठल्या बाजूला?"

"ते आज सांगता येत नाही."

"बघ."

इथं मला मध्ये बोलावंसं वाटलं आणि मी 2019 च्या महापुराचा विषय काढला. कोल्हापुरात कुठल्याही चर्चेत शेवटी पंचगंगा येतेच. शिरोळकडं आठवडाभराहून जास्त पाण्याखाली राहिलेली शेतं सगळ्यांनी बघितली आहेत, पाणी उतरल्यावरचा तो कुजका वासही. 2021 ला पुन्हा तेच. मी विचारलं, बुडूनही जगणारा भात असतो का?

ताई खुलली. ओडिशात ढालपुतिया नावाचा एक जुना भात होता. कटकच्या बाजूला पुराच्या शेतांतला, उत्पन्नाला सुमार, कुणाच्या डोळ्यात न भरणारा. त्यातून निवडलेला वाण एफआर 13ए. साधा भात पाण्यात बुडाला की घाबरतो, श्वास घ्यायला वर धावतो, उंच वाढण्यात अंगातली साखर संपवतो, आणि पाणी ओसरेपर्यंत मेलेला असतो. हा मात्र बुडाला की वाढणं थांबवतो. साखर राखून ठेवतो, मान खाली घालून बसतो, पंधरवड्यानं पाणी उतरलं की पुन्हा फुटतो. हे करणारं जनुक सापडलं, त्याला सब1 म्हणतात. ते जसंच्या तसं स्वर्णा या लोकप्रिय वाणात बसवलं आणि 2009 मध्ये भारतात स्वर्णा-सब1 आली.

"गप बसतंय," मामा हसले. "माझ्या थोरल्या चुलत्यागत. महापुरात सगळे पळाले, त्यो माळ्यावर बसून ऱ्हायला. त्योच वाचला."

"पण ती गंमत नंतर कळली आबा. आधी कोणी ढालपुतिया ठेवला म्हणून कळली."

मग ती वासाकडे वळली. घनसाळचा वास काय आहे? भाजलेल्या पावाला जो असतो तोच एक पदार्थ. तो प्रत्येक भातात तयार व्हायला बघतो, पण साध्या भातात एक जनुक असतं, ते त्याचा कच्चा माल दुसरीकडे वळवतं. बासमतीसह बहुतेक वासाच्या भातांत ते जनुक मोडलेलं आहे. जनुकाच्या ओळीतली आठ अक्षरं गळून पडली, काम बंद झालं, आणि वास साठत गेला.

"मोडलेलं?" मामांना हे पटेना. "म्हंजे आमचं घनसाळ खराब हाय?"

"तुमचं एकट्याचं नाही. आयआर 8 बुटका आहे तोही वाढीचं जनुक मोडलं म्हणूनच. तांदूळ पांढरा आहे तोही तांबड्या रंगाचं जनुक मोडलं म्हणून. मूळचा भात तांबडा. दाणा लोंबीला चिकटून राहतो, तेसुद्धा गळायची व्यवस्था बिघडली म्हणून. रानात हे सगळं व्यंग. दाणा गळला नाही तर रोपाचा वंश बुडतो. पण माणसाला तेच पाहिजे होतं. हजारो वर्षं बायकांनी कापणीला जे हातात आलं ते पेरलं, नि जे गळून गेलं ते गेलं."

"म्हंजे आमी पांगळी, मुकी, रंग उडालेली अशी निवडत आलो."

"आणि त्यावर जगलो."

या टप्प्यावर माझ्या लक्षात आलं की 'देशी म्हणजे निसर्गाचं, संकरित म्हणजे माणसाचं' हे मी आजवर बोलत आलो ते किती फुसकं होतं. घनसाळही माणसानंच केलेलं. फरक एवढाच की करणारीचं नाव कुठं नोंदलेलं नाही.

मामांनी नेमका तोच धागा पकडला. "नाव म्हणतोस? ते चंद्रपूरकडचं दादाजी खोब्रागडे काय झालं?"

सांगायची गरज नव्हती, पण त्यांनी सांगितलं. नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव. तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. 1983 साली पटेल 3 या भातात त्यांना दोनचार वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या बाजूला काढून त्यांनी पेरत पेरत वाण केला आणि हातातल्या घड्याळावरून त्याला नाव दिलं एचएमटी. पुढं विद्यापीठानं तो शुद्ध करून पीकेव्ही एचएमटी म्हणून आणला. दादाजींना 2005 मध्ये राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळाला. 2018 मध्ये ते गेले.

"तांदूळ सगळ्या देशात खपला. रॉयल्टी कुणाला?" मामा म्हणाले. "आन् रायपूरचं बी मला म्हाईत हाय."

रायपूरला डॉ. रिछारिया यांनी गावोगाव फिरून एकोणीस हजारांहून जास्त भात गोळा केले होते. 2002 मध्ये तिथल्या कृषी विद्यापीठाचा त्या संग्रहाबाबत एका बहुराष्ट्रीय बियाणे कंपनीशी करार होत होता. बोभाटा झाला, लोक रस्त्यावर आले आणि कंपनीनं माघार घेतली. ताईनं हे नाकारलं नाही. 2001 च्या कायद्यानं शेतकऱ्याला बी ठेवायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा हक्क दिलाय, स्वतःचा वाण स्वतःच्या नावे नोंदवताही येतो, एवढं ती म्हणाली.

"नोंदवायला कुठं जायचं?"

ती सांगू लागली. अर्ज, छायाचित्रं, उंचीपासून दाण्याच्या लांबीपर्यंतची मापं, चाचणीसाठी बियाणं. बोलता बोलता तिचा आवाज खाली आला. मामा काहीच म्हणाले नाहीत, आणि ते जास्त बोचलं.

माझा स्वतःचा आक्षेप वेगळा होता. आजरा घनसाळला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं, पुण्यामुंबईत भाव आला. पण मानांकन नावाला कुंपण घालतं, बियाण्याला नाही. मी कोल्हापुरात 'आजरा घनसाळ' लिहिलेल्या पिशव्या घेतल्या आहेत, ज्यांना शिजवल्यावर पिशवीपेक्षा जास्त वास नव्हता. (कोल्हापूरकर म्हणून हेही कबूल करतो की तांबड्या-पांढऱ्या रश्श्याखाली कुठला तांदूळ आहे हे आम्ही कधी विचारत नाही.) दुसरी गोष्ट अशी की मानांकनाला एक ठरावीक घनसाळ लागतं: अमुक उंची, अमुक दाणा. आज्जीच्या शेतातली पाच रूपं मग एकात कोंबली जातात. आणि ज्याला मानांकन नाही तो काळा जिरगा कुणाच्या खिजगणतीत नाही.

"हे खरं आहे," ताई म्हणाली. "मानांकनानं घनसाळ वाचतं. घनसाळांमधलं वैविध्य वाचेलच असं नाही."

"मग तुझी बँक तरी काय करती?" मामांनी विचारलं. "गोठवून ठेवती. दिल्लीला थंडीत. बी झोपलं. हिकडं पाऊस बदलला, रोग बदलला, हत्ती आला. झोपलेल्याला काय कळणार? माझ्या शेतात दर साली ते नवं शिकतंय."

मला वाटतं त्या दिवशीचं सगळ्यात वजनदार वाक्य तेच होतं, आणि ते भात पैदास शिकलेल्या लेकीनं नव्हे, हिशोब मांडणाऱ्या बापानं उच्चारलं. दिल्लीच्या राष्ट्रीय बियाणे बँकेत उणे अठरा अंशाला बी दशकानुदशकं जगतं. नॉर्वेच्या उत्तरेला 2008 पासून बर्फातल्या डोंगरात जगभरच्या पिकांचे जादा नमुने ठेवले जातात. फिलिपिन्सच्या संस्थेत भाताचेच एक लाख तीस हजारांवर नमुने आहेत. ही सगळी थंडी एका क्षणाची साठवण आहे. ज्या वर्षी उचललं, त्या वर्षाचं घनसाळ.

ताई म्हणाली, "म्हणून दोन्ही लागतात, आबा. मी न्यायचं नि तुम्ही लावत राहायचं."

"लावत ऱ्हायचं. माझ्या पैशानं."

या ठिकाणी ती खरंच अडली. त्याला उत्तर नाही असं नाही. अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी बायकांना जोडून देशी बियाण्यांची बँक चालवून दाखवली, 2020 मध्ये पद्मश्री मिळाली. महाराष्ट्र सरकारनं 2022 मध्ये जनुक बँक प्रकल्पाला मंजुरी दिली. पण मामांचे सहा पोत्यांनी कमी येणारे वीस गुंठे त्यातल्या कुठल्या रकान्यात बसतात, ते ताईला सांगता येईना. मीही बघितलं, तिच्या पिशवीतल्या फॉर्मवर गाव, तालुका, उंची, बियाण्याचा स्रोत, सगळं होतं. शेतकऱ्याला किती तोटा झाला, हा रकाना नव्हता.

"त्यापरीस एक काम कर," मामा एकदम म्हणाले. "तुमी घनसाळच बुटकं करून द्या. वास तसाच, दाणा तसाच, फकस्त पडू नये. पंधरा दिस आधी पिकावं. मंग बघ, दीड एकर घनसाळ करतो."

मी ताईकडं बघितलं. जुनं जसंच्या तसं राखायला आलेल्या माणसाला जुनं बदलून द्या, असं जुनं राखणाराच सांगत होता. ती हसली, पण टाळलं नाही. छत्तीसगडच्या दुबराज भाताचं तसं झालंय, ती म्हणाली. तोही वासाचा, उंच, लोळणारा. भाभा अणुसंशोधन केंद्रानं रायपूरच्या विद्यापीठाबरोबर बियाण्यावर किरण मारून त्यातून ठेंगणा, लवकर येणारा दुबराज निवडला. पण हजारो रोपांतनं एक निघतं, आणि ते स्थिर व्हायला पाचसहा पिढ्या जातात. भोगावती ही भाताची जातही राधानगरीच्या केंद्रात अशीच वर्षं घालवून झाली.

"आता म्हणं जनुकात कात्री मारत्यात. पेपरात आलं हुतं."

"हो, 2025 च्या मे महिन्यात दोन तशा जाती जाहीर झाल्या. एक सांबा मसुरीतनं केलेली. पण कात्री कुठं मारायची हे आकाशवाणी होऊन कळत नाही. सांबा मसुरीत ज्या जनुकावर ती चालवली, ते आधी सापडलं जास्त दाण्यांच्या एका भाताच्या लोंबीत. तशी लोंबी कुणीतरी राखली होती म्हणून."

"परत तिथंच आलीस."

"तिथंच येणार."

ऊन वर आलं तसे आम्ही तिघं शेतात गेलो. अर्धं घनसाळ लोळलेलं होतं, जसं मामांनी सांगितलं होतं. ताईनं बांधावरून आत पाऊल टाकलं आणि न बघता हात घालत चालली. चार पावलं, एक लोंबी. मामा मागून येत होते. आठदहा लोंब्यांपर्यंत त्यांनी कळ काढली. मग एक चांगली लोंबी तिच्या हाताजवळून निसटली तेव्हा त्यांचा हात आपोआप पुढं झाला, आणि तिनं नुसतं वळून बघितलं तसा मागं आला.

"हे पेरणार कुठं?" त्यांनी विचारलं.

"थोडं दिल्लीला. थोडं आमच्या प्रक्षेत्रावर, उंची मोजायला, वास तपासायला."

"आमच्यात कुणाचं पायलीभर बी नेलं तर पुढच्या साली सव्वा पायली द्यायची पद्धत हुती. तुमच्यात हाय का?"

"मागितलं तर मिळतं. लिहून मागावं लागतं."

"सवाईनं?"

"नाही. मूठभर."

मामा काही बोलले नाहीत. पुढं जाऊन ते शेताच्या खालच्या कोपऱ्यात थांबले. तिथं पाणी साचतं, तिथं लावण नेहमी उशिरा. त्या कोपऱ्यात एक रोप उभं होतं. बाकीचं घनसाळ आडवं झालेलं आणि हे ताठ. लोंबीला लालसर लांब कुसळ, दाणा जरा आखूड. वारा आला तरी ते बाकीच्यांसारखं झुकत नव्हतं.

"दर साली उगवतंय," मामा म्हणाले. "दर साली मी उपटून टाकतो. औंदा हिकडं यायला जमलं न्हाई."

ताई उकिडवी बसली. बुंधा चिमटीत धरून तिनं हलवून बघितला, एक दाणा सोलून चावला, आणि काही बोलली नाही. भात स्वतःच स्वतःला फळवतो, शंभरात एखादं फूलच बाहेरचं पराग घेतं. हे त्यातलं होतं की शेजारच्या बांधावरून आलेलं, की आज्जीनं तीस वर्षांपूर्वी टाकलेल्या एखाद्या लोंबीचं पोर, ते तिथं बसून सांगता येण्यासारखं नव्हतं. तिनं नवी पिशवी काढली. गाव लिहिलं, तालुका लिहिला. मग पेन थांबलं.

"आबा, ह्याचं स्थानिक नाव काय?"

"त्येला कसलं नाव. भेसळ म्हणतो आमी."

ताईनं चिठ्ठीवर लिहिलं: स्थानिक नाव, भेसळ.